कल्पित राष्ट्राची विमानसेवा आणि कल्पित नावाची जबाबदारी

१

मराठी समीक्षेत 'काल्पनिक' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो आणि त्या अर्थांमधील अंतराकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. एका अर्थाने काल्पनिक म्हणजे प्रतिभेने निर्माण केलेले, वास्तवात नसूनही वास्तवाचे आकलन घडविणारे. दुसऱ्या अर्थाने काल्पनिक म्हणजे ज्याची जबाबदारी कोणावरच येत नाही असे. कादंबरीच्या आरंभी किंवा चित्रपटाच्या श्रेयनामावलीत, सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक असून कोणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा, अशी जी सूचना असते ती या दुसऱ्या अर्थाची. पहिला अर्थ साहित्यशास्त्राचा आहे, दुसरा वकिलाच्या कार्यालयातला. वर्गात शिकविताना आणि परीक्षणे लिहिताना आपण एकीतून दुसरीत सहज घसरतो. लेखकाने एखाद्या गावाचे, कारखान्याचे वा मंत्र्याचे नाव बदलले की आपण त्याला 'कलात्मक अंतर' म्हणतो. ते अंतर खरोखर कलात्मक आहे की केवळ सोयीचे, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

हा प्रश्न स्पष्टपणे मांडता यावा म्हणून प्रस्तुत लेखात एक लहानसे, वरकरणी क्षुल्लक वाटणारे उदाहरण घेतले आहे: कल्पित राष्ट्राची विमानसेवा. बेल्जियन चित्रकथाकार एर्जे (मूळ नाव जॉर्ज रेमी, १९०७–१९८३) यांच्या टिनटिनच्या साहसकथांमध्ये अशा विमानसेवा एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी तीन येथे विचारात घेतल्या आहेत: सिल्डाव्हिया या बाल्कन राज्याची 'सिल्डेअर', खेमेद या अरबी अमिरातीत चालणारी 'अरबेअर', आणि 'सारी-एअरवेज'. यांतील शेवटच्या नावाचा भारताशी, आणि तत्कालीन मुंबईतील एका संस्थेशी, थेट संबंध आहे. चित्रकथा हा मराठी विभागाच्या अभ्यासाचा विषय नव्हे, असा आक्षेप येऊ शकतो. परंतु कल्पित भूगोलाची रचना कशी होते हे पाहण्यासाठी चित्रकथा विशेष उपयुक्त ठरते. कादंबरीकाराला 'विमान उतरले' एवढे लिहून पुढे जाता येते. चित्रकाराला मात्र विमानाच्या अंगावर कोणते नाव रंगवायचे, हे ठरवावेच लागते.

२

'ऑटोकारचा राजदंड' ही कथा 'ल प्ती व्हँतिएम' या मुलांच्या साप्ताहिक पुरवणीत ऑगस्ट १९३८ ते ऑगस्ट १९३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. ती सुरू होण्यापूर्वी काही महिने, मार्च १९३८ मध्ये, जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता. कथेतही शेजारचे बोर्ड्युरिया हे राज्य सिल्डाव्हिया गिळू पाहते. त्यासाठी रचलेल्या कटाचा सूत्रधार म्युस्टलर असून हे नाव मुसोलिनी आणि हिटलर या दोन नावांच्या जोडातून साधलेले आहे. राजदंड हाती नसल्यास राजाला पद सोडावे लागते, असा सिल्डाव्हियाचा नियम आहे. म्हणून तो चोरण्याचा बेत आखला जातो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग कटाचा नाही, प्रवासाचा आहे. टिनटिन विमानाने प्रागमार्गे सिल्डाव्हियाची राजधानी क्लो येथे निघतो आणि विमानात बसून त्या देशाचे पर्यटन-माहितीपत्रक वाचतो. एर्जे यांनी ते माहितीपत्रक वाचकासमोर जसेच्या तसे ठेवले आहे. देशाची लोकसंख्या ६,४२,०००, राजधानीची १,२२,०००. बाराव्या शतकात तुर्कांना हुसकावल्याचा इतिहास, जुन्या शैलीतले युद्धचित्र, शेतकऱ्यांचे पोशाख. निर्यातीच्या यादीत गहू, खनिज पाणी, जळाऊ लाकूड, घोडे आणि व्हायोलिनवादक. या यादीतील शेवटचा शब्द वाचून हसू येते. परंतु त्या हसण्यात अविश्वास नसतो. प्रत्येक देशाच्या माहितीपत्रकात असा एखादा स्वतःवर खूष असलेला शब्द असतोच, हे वाचकाला ठाऊक असते.

येथे कल्पित देश वास्तवाला दोन टाक्यांनी जोडला गेला आहे. पहिला टाका म्हणजे प्राग हे खरे शहर. दुसरा म्हणजे माहितीपत्रक हा खरा लेखनप्रकार. या दोहोंच्या मध्ये विमान आहे. ते खऱ्या शहरातून उडते आणि नसलेल्या शहराकडे जाते. आता काळाचा क्रम पाहावा. ही कथा क्रमशः चालू असतानाच, १५ मार्च १९३९ रोजी, जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले आणि चेकोस्लोव्हाकियाचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात आले. ज्या खऱ्या शहरातून कल्पित शहराकडे विमान गेले होते ते खरे शहर परकीय अंमलाखाली गेले. कल्पित राज्य मात्र ऑगस्टमधील अखेरच्या हप्त्यात वाचले. बेल्जियमने १९३६ मध्ये तटस्थतेचे धोरण स्वीकारले होते. तटस्थ देशातील मुलांच्या पुरवणीत विलीनीकरणाच्या राजकारणाविषयी जे उघडपणे मांडणे अवघड होते, ते सिल्डाव्हिया या नावामुळे मांडता आले. या ठिकाणी कल्पित नावाने लेखकाची वाणी मोकळी केली. ही गोष्ट येथे नोंदवून ठेवू, कारण पुढील विवेचनाला तीच कसोटी उपयोगी पडणार आहे.

३

१९५० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आणि १९५३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'लक्ष्य चंद्र' या कथेत टिनटिन पुन्हा सिल्डाव्हियाला जातो. आता त्या देशाकडे अणुसंशोधन केंद्र आहे, चंद्रावर जाणारे अग्निबाण बांधण्याची क्षमता आहे आणि स्वतःच्या नावाची विमानसेवा आहे. राजदंडावर ज्याचे अस्तित्व अवलंबून होते, त्या राज्याच्या ओळखीची खूण आता विमानाच्या अंगावरचे नाव झाली आहे. कथेत या बदलाविषयी कोणीही बोलत नाही. 'सिल्डेअर' ही अक्षरे तेवढी दिसतात. एका राष्ट्राचे मध्ययुगातून आधुनिक काळात येणे या एका तपशिलातून सूचित झाले आहे.

असे तपशील केवळ वास्तवाचा आभास निर्माण करण्यासाठी असतात, असे कोणी म्हणेल. रोलाँ बार्थ यांनी १९६८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाचे उदाहरण घेऊन असा विचार मांडला होता. कथानकाला ज्याची गरज नाही असा तपशील 'मी वास्तव आहे' एवढेच सुचवितो, हे त्या विचाराचे सार. सिल्डेअरला मात्र हा विचार पूर्णपणे लागू होत नाही. वायुभारमापक भिंतीवर एकटा टांगलेला असू शकतो. विमानसेवा एकटी असू शकत नाही. तिला दुसऱ्या देशाचा विमानतळ लागतो, उतरण्याची परवानगी लागते, करार लागतात, वेळापत्रक लागते. एखाद्या देशाची विमानसेवा आहे, याचा अर्थ इतर देशांनी त्या देशाला देश म्हणून मान्यता दिली आहे. म्हणून हा तपशील वस्तूचा नसून संबंधाचा आहे. कल्पित राष्ट्राला विमान देणे म्हणजे त्याला खऱ्या राष्ट्रांच्या पंक्तीत पान मांडून देणे होय.

बेनेडिक्ट अँडरसन यांनी 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' या १९८३ च्या ग्रंथात राष्ट्र हा कल्पनेने बांधलेला समाज असल्याचे प्रतिपादन केले आणि १९९१ च्या सुधारित आवृत्तीत जनगणना, नकाशा व वस्तुसंग्रहालय या तीन संस्थांचा विचार जोडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापुरते बोलायचे तर या यादीत राष्ट्रीय विमानसेवेची भर घालावी, असे मी सुचवीन. नव्याने स्वतंत्र झालेल्या अनेक देशांनी विमानसेवा उभारण्याची घाई केली, ती केवळ वाहतुकीच्या गरजेपोटी नव्हे. परक्या विमानतळावर आपले नाव, आपला रंग, आपला पोशाख दिसावा ही त्यामागील ओढ होती.

आपल्याच उदाहरणावरून हे अधिक स्पष्ट होईल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला टपाल घेऊन विमान आणले, तेव्हापासून टाटांच्या विमानसेवेचा आरंभ मानला जातो. १९४६ मध्ये तिचे 'एअर इंडिया' असे नामकरण झाले आणि १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण. याच १९४६ साली बॉबी कूका आणि जाहिरात संस्थेतील चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत 'महाराजा' हे बोधचित्र घडविले. पुढील काही वर्षांत खरी संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही रद्द झाले. परंतु प्रजासत्ताकाच्या विमानसंस्थेचा कल्पित महाराजा प्रवाशांसमोर लवून उभाच राहिला. सिल्डाव्हिया या कल्पित देशाने आपली ओळख काळ्या पेलिकनमध्ये शोधली. भारत या खऱ्या देशाच्या विमानसंस्थेने ती एका कल्पित राजामध्ये. राष्ट्राची प्रतिमा घडविताना खरे कोठे संपते आणि कल्पित कोठे सुरू होते, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. राष्ट्रीय विमानसेवा ही खऱ्या देशातसुद्धा काही अंशी कथाच असते, आणि कथेप्रमाणे ती संपूही शकते. एर्जे यांच्या स्वतःच्या देशाची साबेना ही १९२३ मध्ये स्थापन झालेली विमानसंस्था २००१ मध्ये दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये शासनाकडून पुन्हा टाटा समूहाकडे गेली. सिल्डेअरचे विमान मात्र पुस्तकाच्या पानावर अजून क्लोला उतरते आहे.

४

कल्पित विमानसेवेचा याहून धारदार उपयोग १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'कोक आँ स्तोक' या कथेत दिसतो. इंग्रजी अनुवादात तिचे नाव 'द रेड सी शार्क्स' असे आहे. खेमेदचा अमीर बेन कालिश एझाब याचा लाडावलेला मुलगा अब्दुल्ला याला विमानांनी उतरण्यापूर्वी आकाशात कोलांट्या माराव्यात असे वाटते. अरबेअर ही कंपनी अर्थातच नकार देते. अमीर रागावतो, करार मोडण्याची आणि कंपनीचे एक गुपित फोडण्याची धमकी देतो. गुपित असे, की मक्केच्या यात्रेला निघालेल्या आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून विकण्याच्या धंद्यात ही कंपनी गुंतलेली आहे. यानंतर अमिराविरुद्ध उठाव होतो आणि त्याला गादी सोडून पळावे लागते. कंपनीचा मालक स्वतःला मार्क्विस म्हणवून घेतो. प्रत्यक्षात तो रास्तापोपुलोस हा जुना गुन्हेगार असतो.

बालिश हट्टापासून सुरू झालेली ही गोष्ट एका गंभीर निष्कर्षापर्यंत येते. ज्या देशाच्या आकाशात दुसऱ्याची विमाने उडतात, त्या देशाचे सिंहासनही दुसऱ्याच्या हाती असू शकते. खेमेदला सिल्डेअरसारखी स्वतःची विमानसेवा नाही, हे येथे निर्णायक आहे. सिल्डाव्हियाचे विमान त्याच्या सार्वभौमत्वाची खूण होती; खेमेदमध्ये उतरणारे विमान त्याच्या परावलंबनाची. कोणत्याही खऱ्या कंपनीचे नाव घेऊन गुलामांच्या व्यापाराचा असा आरोप करता आला नसता. तसा तो करणे न्याय्यही झाले नसते. कल्पित नावामुळे एका कंपनीऐवजी एक व्यवस्था आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. शिवाय कथेतील खोटे नाव धारण करणारा मालक पाहिला, की नावाचा आडोसा म्हणून होणारा वापर एर्जे यांना पुरेपूर ठाऊक होता हेही लक्षात येते.

५

आता तिसरे उदाहरण. 'तिबेटमध्ये टिनटिन' ही कथा १९५८–५९ मध्ये क्रमशः आणि १९६० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. टिनटिनचा चिनी मित्र चँग ज्या विमानाने पाटण्याहून काठमांडूला निघालेला असतो ते हिमालयात कोसळते. या कथेसाठी एर्जे यांना एअर इंडियाने छायाचित्रे, चित्रफिती आणि वाचनसाहित्य पुरवून साहाय्य केले होते. क्रमशः प्रसिद्धीच्या वेळी कोसळलेल्या विमानावर भारतीय विमानसंस्थेचे नाव होते. त्यावर संस्थेच्या प्रतिनिधीने तक्रार केली: आमच्या एकाही विमानाला अपघात झालेला नाही, या चित्रामुळे आमची मोठी हानी होत आहे. एर्जे यांनी पुस्तकात नाव बदलून 'सारी-एअरवेज' केले. भारतीय विमानांच्या नोंदणीची 'व्हीटी' ही अक्षरे मात्र विमानाच्या शेपटीवर तशीच राहिली.

तक्रारीतील दावा वस्तुस्थितीला धरून नव्हता. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळून त्यातील ४८ जण मृत्युमुखी पडले होते. ११ एप्रिल १९५५ रोजी 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान घातपाती स्फोटामुळे समुद्रात पडले होते. बर्फाच्छादित पर्वतावर भारतीय विमान कोसळते, ही कल्पना एर्जे यांच्या वाचकांच्या दृष्टीने अशक्य कोटीतील नव्हती. आठ वर्षांपूर्वी ती युरोपच्याच भूमीवर घडलेली होती. पुस्तक आल्यानंतर सहा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, त्याच माँ ब्लाँवर एअर इंडियाचे 'कांचनजंगा' कोसळले आणि डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जण दगावले.

या प्रसंगात कल्पित काय आणि वास्तव काय? चित्रकथेतील अपघात कल्पित होता, पण तशा अपघातांचे जग खरे होते. संस्थेने आपले नाव वाचविण्यासाठी केलेला निष्कलंकपणाचा दावा हीच खरी कल्पित गोष्ट होती. तिच्या रक्षणार्थ एका कल्पित नावाची मागणी झाली. 'सारी-एअरवेज' हे नाव एर्जे यांच्या प्रतिभेतून आलेले नसून एका पत्रव्यवहारातून आलेले आहे. त्या नावामुळे वाचकाला काही नवे दिसत नाही. उलट, जे दिसत होते ते झाकले जाते. साहित्यकृती म्हणून या कथेची हानी झाली, असे मी म्हणणार नाही. मित्राच्या शोधाची ती कथा नावावर अवलंबून नाही. विमानसंस्थेची बाजूही समजण्यासारखी आहे, कारण प्रवाशांच्या विश्वासावर चालणाऱ्या व्यवसायाला असे चित्र झोंबणारच. परंतु समीक्षकाने 'सिल्डेअर' आणि 'सारी-एअरवेज' या दोन नावांना 'कल्पित नावे' म्हणून एकाच रकान्यात टाकू नये, एवढे या उदाहरणावरून निश्चित होते.

यावरून एक साधी कसोटी सुचविता येते. कल्पित नावामुळे लेखकाला अधिक बोलता आले की कमी? पहिल्या प्रकारच्या नावाला शोधाचे नाव म्हणू, दुसऱ्याला आडोशाचे. सिल्डेअर आणि अरबेअर ही शोधाची नावे होत. सारी-एअरवेज हे आडोशाचे.

६

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. युरोपीय लेखकांनी बाल्कन वा अरबी प्रदेशात वसविलेली कल्पित राष्ट्रे ही मुळातच साम्राज्यवादी दृष्टीची अपत्ये आहेत. मग त्यांना 'शोधाची' म्हणणे कितपत योग्य? अँथनी होप यांच्या १८९४ मधील 'द प्रिझनर ऑफ झेंडा' या कादंबरीतील रुरिटानियापासून चालत आलेल्या या परंपरेची चिकित्सा व्हेस्ना गोल्ड्सवर्दी यांनी 'इन्व्हेंटिंग रुरिटानिया' (१९९८) या ग्रंथात केली आहे. परकीयांनी पाहिलेला बाल्कन प्रदेश कसा कल्पनेची वसाहत बनला, हे त्यांनी दाखविले. एर्जे यांच्याबाबत हा आक्षेप अधिकच बळकट होतो. सिल्डाव्हियाची भाषा ब्रुसेल्समधील मारोल वस्तीच्या बोलीवरून बेतलेली आहे, म्हणजे परक्या देशाच्या मुखात त्यांनी आपल्या घरची बोली घातली. 'कोक आँ स्तोक'मधील आफ्रिकी पात्रांच्या बोलण्यावर टीका झाल्यानंतर १९६७ च्या आवृत्तीत त्यांना संवाद बदलावे लागले. जर्मन ताब्याच्या काळात, १९४० ते १९४४ या वर्षांत, ते जर्मनांच्या नियंत्रणाखालील 'ल स्वार' या वृत्तपत्रात काम करीत होते, हेही विसरता येत नाही.

हा आक्षेप मी अमान्य करीत नाही. परंतु त्यामुळे कसोटी निरुपयोगी होत नाही, उलट तिची गरज वाढते. शोधाचे नाव म्हणजे निर्दोष नाव नव्हे. खेमेद या नावामुळे एर्जे यांना कंपनीच्या सत्तेविषयी अधिक बोलता आले. त्याच नावामुळे अरब माणसाला लहरी आणि हास्यास्पद दाखविण्याची मुभाही मिळाली. खऱ्या देशाच्या अमिराला असे चितारले असते, तर त्या देशाने जाब विचारला असता. कल्पित देशाला वकिलात नसते. म्हणून कल्पित राष्ट्र निर्माण करणाऱ्या लेखकावर खऱ्या राष्ट्राविषयी लिहिणाऱ्यापेक्षा अधिक जबाबदारी येते. नाव कल्पित असले तरी त्या नावाखाली वाचक कोणत्या माणसांना ओळखतो, हे लेखकाला टाळता येत नाही. एका नावाने काय उघड झाले आणि त्याच नावाने काय खपून गेले, असे दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारणे हेच समीक्षेचे काम आहे.

७

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला यातून काय घेता येईल? आपल्या कादंबरीचा आरंभच या प्रश्नापाशी झाला आहे. नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत, आपल्या लोकांच्या नित्याच्या आयुष्यात मनोरंजक असे फारसे घडत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, अशा आशयाचे कारण दिले होते. तेथे कल्पित राज्य हे वास्तवातील उणिवेवरचा उपाय होता. वि. का. राजवाडे यांनी १९०२ मधील 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव असा विचार मांडला आणि पुढे आपल्या समीक्षेने दीर्घकाळ या द्वंद्वाच्या आधारे वाटचाल केली. अद्भुत म्हणजे कल्पित आणि वास्तव म्हणजे अकल्पित, असे एक ढोबळ समीकरण त्यातून रूढ झाले. वास्तववादी कृतीतील कल्पित नावांचा स्वतंत्र विचार त्यामुळे मागे पडला.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) नकाशावर शोधू जाणाऱ्या विद्यार्थ्याला आपण मूळ गावाचे नाव सांगतो आणि शंका मिटली असे समजतो. वास्तविक ते गाव खरे वाटते ते मूळ गावामुळे नव्हे. शाळा, चावडी, साऱ्या गावाच्या श्रमातून उभी राहणारी तालीम, औंध संस्थानाशी असलेले नाते या संबंधांमुळे ते खरे वाटते. सिल्डाव्हियासाठी जे कार्य विमानाने केले, ते येथे तालमीने केले आहे.

अरुण साधू यांच्या 'सिंहासन'मध्ये (१९७७) याच्या उलट रचना दिसते. मुंबई खरी, शासनयंत्रणा खरी, मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे मात्र कल्पित. जब्बार पटेल यांचा त्याच नावाचा चित्रपट १९७९ मध्ये आला. हा मुख्यमंत्री 'खरा' कोण, या तर्कात रमणारे वाचन त्या नावाला आडोसा समजते. माझ्या मते ते शोधाचे नाव आहे. कोणा एका व्यक्तीचे नाव घातले असते, तर कादंबरी त्या व्यक्तीपुरती उरली असती. कल्पित नावामुळे खुर्ची आणि तिच्याभोवतीची यंत्रणा दिसू लागली.

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) तिसरीच शक्यता आहे. तेथे नावे इतिहासातील आहेत आणि लेखक मात्र हे ऐतिहासिक नाटक नव्हे असे सांगतो. नाना फडणविसांच्या चित्रणावरून जे वादळ उठले, त्यात बहुतेकांनी इतिहासाची तपासणी केली. नावे बदलली असती, तर कदाचित वाद झाला नसता. परंतु सत्ता आपल्या उपयोगासाठी हिंस्र माणसे कशी घडविते आणि काम झाल्यावर कशी टाकून देते, हा आशय परिचित पुण्यापासून तुटून कोण्या अनामिक नगरीत गेला असता. येथे खरे नाव ठेवल्यामुळे लेखकाला अधिक बोलता आले. तात्पर्य, कल्पित नाव हे नेहमी धाडसाचे नसते आणि खरे नाव हे नेहमी आक्रमणाचे नसते.

आज हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक राहिलेला नाही. आपल्या ग्रामीण आणि राजकीय कथात्म साहित्यात साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था यांची कल्पित नावे विपुल आढळतात. कल्पित तालुक्याला खरेपणा देणाऱ्या या संस्था म्हणजे त्या लहानशा जगाच्या 'राष्ट्रीय विमानसेवा'च होत. त्यांतील कोणते नाव लेखकाने व्यवस्था दिसावी म्हणून घडविले आणि कोणते नाव संभाव्य नोटिशीच्या, संस्थाचालकाच्या रोषाच्या वा जातीय क्षोभाच्या भीतीने बदलले, हे समीक्षकाने तपासले पाहिजे. भीतीने बदललेल्या नावाबद्दल लेखकाला दोष द्यावा असे माझे म्हणणे नाही. नोकरी, कुटुंब आणि गाव सांभाळून लिहिणाऱ्याला आडोसा लागतो. पण त्या आडोशाला आपण 'कलात्मक अंतर' म्हणून गौरविले, तर दबाव आणणाऱ्याचे काम आपण फुकट करून देतो. आडोशाला आडोसा म्हणणे ही लेखकाच्या बाजूने दिलेली साक्ष आहे.

या दृष्टीने अध्यापनात काही बदल सहज करता येतील. 'अमुक कादंबरीतील वास्तवचित्रण स्पष्ट करा' या वर्षानुवर्षे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाऐवजी, त्या कादंबरीतील एखाद्या कल्पित संस्थेचे नाव घेऊन ती कोणकोणत्या खऱ्या संस्थांशी जोडली आहे, ते संबंध कृतीत कसे दिसतात आणि नाव कल्पित असल्यामुळे काय सांगता आले व काय सांगायचे राहिले, असे विचारावे. जेथे मासिकातील पाठ आणि पुस्तकातील पाठ दोन्ही उपलब्ध आहेत, तेथे नावांमधील बदलांची नोंद हा पदव्युत्तर प्रबंधिकेचा चांगला विषय होऊ शकेल. अशा नोंदीत केवळ बदललेली नावे टिपून भागणार नाही. नाव बदलूनही कृतीत जे तसेच राहिले तेही टिपले पाहिजे. सारी-एअरवेजच्या विमानाचे नाव बदलले, पण शेपटीवरची 'व्हीटी' ही अक्षरे राहिली आणि ते विमान कोणत्या देशाचे हे जाणत्या वाचकाला कळत राहिले. आपल्या ग्रंथांमधील अशी राहिलेली अक्षरे वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे काम आपल्या विभागांना करता येण्यासारखे आहे.